चिलखताचे कातडे कोणी कमावले? हिमेजीच्या किल्ल्यातला न सांगितलेला इतिहास

समुराई म्हटले की आपल्या तरुणांच्या डोळ्यांपुढे काय येते? चमकणारी तलवार, कडक शिस्त, मालकावरची निष्ठा आणि अब्रूसाठी स्वतःचे पोट फाडून घेणारा वीर. सिनेमाने आणि ॲनिमेने ही प्रतिमा घराघरांत पोहोचवली आहे. आपल्या चळवळीतली शिकलेली पोरेसुद्धा मोबाइलवर समुराईचे फोटो लावून फिरतात. त्यात गैर काही नाही. पण तलवारीकडे पाहणाऱ्याने त्या समुराईच्या अंगावरच्या चिलखताकडेही पाहावे, आणि ते कोणाच्या हातचे आहे हे विचारावे. जपानमधला हिमेजीचा किल्ला पाहताना हाच प्रश्न माझ्या डोक्यात होता.

हिमेजी स्टेशनातून बाहेर पडले की सरळ रस्त्याच्या टोकाला पांढराशुभ्र किल्ला दिसतो. साधारण एक किलोमीटर चालायचे. आज दिसणारी वास्तू इकेदा तेरुमासा या सरदाराने 1601 ते 1609 या काळात उभी केली. 1993 साली जपानमधल्या ज्या पहिल्या स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत हा किल्ला आहे. 1945 च्या बॉम्बवर्षावात शहर जळाले, किल्ला वाचला. आत शिरताना बूट काढून पिशवीत घालून हातात धरावे लागतात. मग शिडीसारखे उभे लाकडी जिने. भिंतींवर भाले आणि बंदुका टांगण्याच्या खुंट्या. भिंतींत गोल, त्रिकोणी, चौकोनी भोके, त्यांतून बाण आणि गोळ्या सोडायच्या. वरून दगड टाकण्यासाठी झडपा. युद्धाची तयारी जबरदस्त आहे, पण तेरुमासाने बांधल्यापासून हा किल्ला मोठ्या लढाईत कधी उतरला नाही. अडीचशे वर्षे इथले समुराई मुख्यतः हिशेब, वसुली आणि पहारा करत होते. सोप्या शब्दांत सांगायचे तर कमरेला दोन तलवारी लावलेले कारकून. एकूण लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सहा-सात टक्के. बाकीच्यांनी भात पिकवायचा आणि यांनी त्यातून पगार घ्यायचा. आणि ज्या 'बुशिदो'चे, म्हणजे समुराई धर्माचे, गोडवे जगभर गायले जातात, त्याला जगात प्रसिद्धी देणारे इनाझो नितोबे यांचे पुस्तक 1900 च्या सुमारास अमेरिकेत, इंग्रजीत प्रसिद्ध झाले. तोवर समुराई हा वर्गच कायद्याने संपलेला होता.

किल्ल्याच्या तटात एका ठिकाणी जाळी लावून एक दगड जपला आहे. तो एका गरीब म्हातारीच्या जात्याचा. दगड कमी पडले तेव्हा तिने आपले जाते देऊन टाकले, अशी दंतकथा आहे. तटात दुसरीकडे प्राचीन थडग्यांच्या दगडी पेट्याही चिणलेल्या आहेत. गरिबाने आपणहून दिलेला दगड किल्ल्याला आठवतो, त्याची गोष्ट पर्यटकांना कौतुकाने सांगितली जाते. पण ज्यांच्याकडून सक्तीने घेतले त्यांचे काय?

आता चिलखताकडे येऊ. जपानी चिलखत म्हणजे नुसते लोखंड नव्हे. लोखंडाच्या आणि कडक कातड्याच्या शेकडो छोट्या पट्ट्या लाखेने रंगवून, रेशमी दोऱ्यांनी किंवा चामड्याच्या वाद्यांनी ओवलेल्या असतात. छातीवर नक्षीदार हरणाचे कातडे. घोड्याचे खोगीर, लगाम, तलवारीच्या मुठी, युद्धाचे नगारे, सगळीकडे चामडे. जपानभरच्या संग्रहालयांत काचेआड अशी चिलखते मांडलेली असतात. शेजारच्या पाटीवर सरदाराचे नाव, घराणे आणि काळ असतो. कातडे कमावणाऱ्याचा उल्लेख क्वचितच सापडतो.

हिमेजीचा परिसर तर चामड्यासाठीच प्रसिद्ध. इथले पांढरे चामडे नदीच्या पाण्यात कातडी भिजवून, मीठ आणि मोहरीच्या जातीच्या बियांचे तेल लावून, पायांनी तुडवून तुडवून कमावले जाई. हे काम करणाऱ्यांना 'कावाता' म्हणत. पुढे राज्यकर्त्यांनी त्यांच्यावर 'एता' हा शब्द लादला. तो ज्या चिन्हांनी लिहीत त्यांचा अर्थ 'पुष्कळ घाण'. त्यांच्याबरोबर आणखी एक गट होता, 'हिनिन', म्हणजे 'माणूस नसलेले'. मित्रांनो, ज्याच्या कातड्यावर सरदाराचा जीव अवलंबून, तोच घाण! हे गणित आपल्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

गावात बैल किंवा घोडा मेला की मालकाने तो कावातांच्या हवाली करायचा, अशी पद्धत होती. कोणाचा इलाखा कुठवर हे ठरलेले असे. त्या बदल्यात सरकारला चामडे पुरवायचे, तुरुंगाचा पहारा करायचा, फाशीच्या शिक्षा अंमलात आणायच्या. म्हणजे हक्क आणि बेडी एकाच साखळीत. महारकी आणि वतन यांचे स्वरूप ज्याला माहीत आहे त्याला हे लगेच ओळखू येईल. बाबासाहेबांनी वतनाला गुलामगिरी का म्हटले, तेही.

ही व्यवस्था पक्की करण्यात सर्वांत मोठा वाटा कोणाचा? तोयोतोमी हिदेयोशीचा. आणि 1580 पासून काही वर्षे हाच हिदेयोशी हिमेजीत होता. तो स्वतः अगदी सामान्य घरातला, साध्या पायदळ शिपायापासून चढत चढत देशाचा सत्ताधीश झालेला. वर पोहोचल्यावर त्याने शिडी काढून घेतली. 1588 मध्ये शेतकऱ्यांकडची शस्त्रे जप्त केली. 1591 मध्ये हुकूम काढून शिपायाने शेतकरी किंवा व्यापारी होणे आणि शेतकऱ्याने गाव सोडून व्यापारात शिरणे बंद केले. त्याच्या जमीन मोजणीच्या दप्तरांत 'कावाता' अशी नोंद माणसांच्या नावांपुढे सापडते. पुढे तोकुगावा घराण्याने 1603 पासून सत्ता घेतली आणि या नोंदींचे जन्मसिद्ध दर्ज्यात रूपांतर होत गेले. जपानमध्ये मनुस्मृती नव्हती, जानवे नव्हते. तरीही अस्पृश्यता घडली, दप्तराने आणि हुकुमाने. जात म्हणजे केवळ श्रद्धेचा प्रश्न, मन बदलले की संपेल, असे म्हणणाऱ्यांनी हा भाग नीट वाचावा.

आता एक अवघड गोष्ट. ती टाळली तर हा लेख लिहिण्यात अर्थ नाही. जपान हा बौद्ध संस्कृतीचा देश. तिथे 675 मध्येच सम्राट तेम्मूने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी यांचे मांस खाण्यावर बंदी घातली होती. प्राणिहत्येचे पाप आणि शिंतो परंपरेतला मृत्यूचा विटाळ, म्हणजे 'केगारे', हे दोन्ही मिळून मेलेल्या जनावराला हात लावणाऱ्याच्या माथी बसले. देवळांनी तर मेल्यावरही पाठ सोडली नाही. जपानमध्ये मृताला भिक्षू नवे धार्मिक नाव देतात. अस्पृश्यांच्या थडग्यांवर 'पशू', 'नोकर' अशा अर्थाची चिन्हे घातलेली नावे कोरली गेली. 1979 साली अमेरिकेतल्या एका धर्म परिषदेत सोतो झेन पंथाच्या प्रतिनिधीने जपानमध्ये असा भेदभाव नाहीच असे ठोकून दिले. बुराकू चळवळीने जाब विचारल्यावर पंथाला माघार घ्यावी लागली आणि मग ही थडगी शोधण्याचे काम सुरू झाले.

आपल्याकडे 'बौद्ध देशांत जात नसते' असे भाषणात सहज बोलले जाते. ते बोलणे बंद केले पाहिजे. बाबासाहेबांनी 1956 साली जो धम्म दिला त्यात मागल्या जन्माच्या पापाने या जन्मीची हलाखी ठरते, या समजुतीला जागा नाही. ती त्यांनी जाणूनबुजून बाहेर ठेवली. का ठेवली, याचे उत्तर जपानच्या त्या थडग्यांवर कोरलेले आहे.

अस्पृश्यांनी हे सगळे निमूट सोसले असे समजू नका. हिमेजीच्या पश्चिमेला ओकायामा आहे. नागपूरच्या दीक्षाभूमीशी आयुष्य जोडलेले भदंत सुरई ससाई मूळचे तिथलेच. 1855 च्या शेवटी ओकायामाच्या संस्थानाने फर्मान काढले की एतांनी नक्षीचे कपडे घालायचे नाहीत, नवे कपडे फक्त कच्च्या पर्सिमन फळाच्या रसात किंवा निळीत रंगवलेले, बिननक्षीचे. पावसात लाकडी खडावा चालतील, पण ओळखीचा शेतकरी समोर आला तर काढायच्या आणि वाकायचे. पेशवाईतल्या पुण्याची आठवण येते की नाही? 53 वस्त्यांच्या प्रतिनिधींनी बसून अर्ज लिहिला. त्यात दयेची याचना नव्हती, हिशेब होता. आम्ही शेती करतो, सारा भरतो, सांगाल ती कामे करतो, मग आम्हाला वेगळे कपडे कशासाठी? अर्ज फेटाळला गेला. तेव्हा 1856 च्या उन्हाळ्यात हजाराहून अधिक माणसे संस्थानच्या एका बड्या सरदाराच्या ठाण्यावर चालून गेली आणि वाटाघाटी करून अर्ज स्वीकारायला भाग पाडले. फर्मान कागदावर राहिले, अंमलात कधीच आले नाही. किंमत मात्र मोजावी लागली. 12 पुढारी तुरुंगात गेले, त्यांतले 6 तिथेच मेले. किल्ल्यातल्या कुठल्याही तलवारीपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

मग मेजी राजवट आली. ऑक्टोबर 1871 मध्ये सरकारने 'एता' आणि 'हिनिन' हे दर्जे रद्द केले. 1876 मध्ये समुराईंना तलवार बाळगायला बंदी झाली आणि त्यांचे वंशपरंपरागत वेतन संपले. वरचा आणि खालचा, दोन्ही दर्जे पाच वर्षांत गेले, असे शाळेच्या पुस्तकात शोभून दिसते. पण वेतन गेले म्हणून समुराईंना सरकारी रोखे मिळाले. अस्पृश्यांना काय मिळाले? 1871 मध्येच मेलेल्या जनावरांवरचा त्यांचा हक्क काढून घेतला गेला आणि तो धंदा भांडवलवाल्यांना मोकळा झाला. विटाळ उरला, पोटाचे साधन गेले. शिवाय याच हिमेजीच्या प्रदेशात 1871 साली शेतकऱ्यांचे बंड पेटले, त्यात इतर मागण्यांबरोबर मुक्तीचा हुकूम मागे घ्या अशीही मागणी होती. 1873 मध्ये ओकायामाच्या उत्तरेला दंगलखोरांनी अस्पृश्यांची शेकडो घरे उद्ध्वस्त केली, माणसे मारली. 1872 च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब नोंदणीत अनेक ठिकाणी 'नवे सामान्यजन' असे शेरे मारले गेले. म्हणजे जुना शिक्का नव्या शाईत. ही दप्तरे लोकांना पाहायला बंद झाली 1968 मध्ये. तोवर लग्न ठरवताना आणि नोकरी देताना ती उघडली जात होती.

किल्ला पाहिल्यावर नारा प्रांतातल्या गोसे गावी जायलाच हवे. तिथे सुइहेइशा संग्रहालय आहे, 1998 साली उघडलेले. 'सुइहेइशा' म्हणजे समपातळी संघ, समुद्राच्या पाण्यासारखी सर्वांची पातळी एक. 3 मार्च 1922 रोजी क्योतोमध्ये त्याची स्थापना झाली. महाडच्या पाच वर्षे आधी! जाहीरनामा लिहिणारा साइको मानकिची याच गावच्या बौद्ध मंदिरातला मुलगा. काळ्या कापडावर रक्ताच्या रंगाचा काटेरी मुकुट, हा झेंडाही त्याचाच. 'एता' हा शिवीसारखा शब्द जाहीरनाम्यात त्यांनी मान ताठ ठेवून स्वतःसाठी वापरला. स्थापनेनंतर लगेचच त्यांनी होंगान्जी या बलाढ्य बौद्ध पीठांना कळवले की वीस वर्षे आमच्याकडे वर्गणी मागायला येऊ नका.

1924 मध्ये तर त्यांनी थेट समुराई इतिहासाचा हिशेब मागितला. तोकुगावा घराण्याचे वारस इएसातो तेव्हा वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष होते. तुमच्या पूर्वजांनी आम्हाला अस्पृश्य ठेवले, तेव्हा ही सरदारकी सोडा, असे सुइहेइशाने त्यांना बजावले. सरदारकी सुटली नाही. नेते जिइचिरो मात्सुमोतो यांना मात्र हत्येच्या कटाचा आरोप ठेवून तुरुंगात टाकले. हेच मात्सुमोतो युद्धानंतर वरिष्ठ सभागृहाचे उपाध्यक्ष झाले. सम्राटासमोर खेकड्यासारखे आडवे चालत जायची रीत होती. 1948 मध्ये त्यांनी तसे चालायला नकार दिला.

हिमेजीजवळच्या चामड्याच्या वस्त्यांची नावे मी या लेखात कुठेही लिहिलेली नाहीत. 1975 मध्ये जपानमध्ये उघडकीला आले की बुराकू वस्त्यांची नावे आणि पत्ते असलेली पुस्तके गुपचूप विकली जात होती आणि नोकरभरतीत माणसे गाळण्यासाठी दोनशेहून अधिक कंपन्यांनी ती घेतली होती. पुढे अशीच यादी इंटरनेटवर आली. 2023 मध्ये तोक्योच्या उच्च न्यायालयाने भेदभाव सहन करावा न लागण्याचा हक्क मान्य करत ती प्रसिद्ध करण्यावर बंदी घातली. किल्ल्याभोवतीच्या जुन्या शहरांचे नकाशे छापताना प्रकाशकही अनेक वर्षे या वस्त्यांची नावे पुसत आले. आजच्या माणसाला वाचवण्यासाठी नाव झाकणे मला मान्य आहे. पण नकाशावरची वस्ती झाकायची म्हणून चिलखतावरचे हातही झाकायचे, हे मान्य नाही. गोसेच्या लोकांनी स्वतःच्या गावात, स्वतःच्या नावाने संग्रहालय काढले. नाव सांगायचे की नाही, कधी आणि कसे, हे तिथे त्यांनीच ठरवले आहे.