गवताने धरलेले रूळ

जुने देऊळ वा किल्ला ढासळू लागला म्हणजे चार माणसे हळहळतात. खाण बंद पडली आणि तिची मालगाडी थांबली तर मात्र भंगारवाल्याखेरीज कोणी तिकडे फिरकत नाही. ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी दोन फुटी रुळांची गाडी २०२० मध्ये थांबली. तिच्या प्रवाशांना माझे म्हणणे पटेल. अशाच एका लहानग्या गाडीची, वेल्समधील टॅलिथ्लिन रेल्वेची, हकीकत आज सांगावयाची आहे.

ब्रिन एग्लुइसच्या डोंगरातून छपरांसाठी निघणारा पाटीचा दगड टाउइन या किनाऱ्यावरील गावी आणण्याकरिता ही रेल्वे १८६५ मध्ये बांधली गेली. रुळांमधील अंतर अवघे २ फूट ३ इंच. १९११ मध्ये हेन्री हेडन जोन्स या पार्लमेंटच्या सभासदाने खाण व रेल्वे दोन्ही विकत घेतली. १९४६ च्या अखेरीस खाणीचा भाग कोसळून ती बंद पडली. तरी आपण जिवंत असेतो गाडी चालेल असा जोन्स यांचा शब्द होता, आणि तो त्यांनी पदरमोड करून पाळला. १९४८ मध्ये ब्रिटनमधील रेल्वे सरकारजमा झाल्या, त्यांतूनही ही चिमुकली वगळली गेली. जुलै १९५० मध्ये जोन्स वारले, आणि शब्दाची मुदत संपली.

त्याच वर्षी ऑक्टोबरात एल. टी. सी. रोल्ट या लेखकाच्या पुढाकाराने बर्मिंगहॅम येथे सुमारे सत्तर माणसे जमली. तोवर स्वयंसेवकांनी सार्वजनिक रेल्वे चालविल्याचे उदाहरण नव्हते. तेव्हा जाणत्यांनी या खटाटोपाला हौशी लोकांचा खुळेपणा म्हटले असल्यास नवल नाही. तथापि संस्था स्थापन झाली, जोन्स यांच्या पत्नीनेही सहकार्य केले, आणि १४ मे १९५१ रोजी, पेंटेकॉस्टच्या सोमवारी, पहिली गाडी टाउइनहून रिडरोनेनपर्यंत, म्हणजे अवघे दोनएक मैल, धावली.

खरी कसोटी पुढेच होती. स्लीपर कुजले होते. कित्येक ठिकाणी रूळ जागेवर राहिले होते ते केवळ माजलेल्या गवताच्या पकडीमुळे. ते उपटावे तर रूळ फाकावयाचे, ठेवावे तर गाडी घसरावयाची! दोन मूळ इंजिनांपैकी १८६६ चे ‘डॉलगॉख’ तेवढे कसेबसे चालत होते. म्हणून शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिने प्रत्येकी २५ पौंडांस विकत घेतली. त्यांतील एक लगेच रुळांवर चढविले, तर ते वारंवार घसरू लागले. कारण त्याच्या चाकांची धाव अरुंद, आणि इथले रूळ मूळ मापाहून फाकलेले.

येथे जतन करणाऱ्यांपुढे उभा राहतो तो पेच पाहावा. जुने तसेच ठेवावे तर गाडी चालत नाही. चालवावी तर रूळ, स्लीपर, इंजिनाचे भाग एकेक करून बदलावे लागतात. संग्रहालयाला पहिला मार्ग सोयीचा. या मंडळींनी दुसरा पत्करला, आणि माझ्या मते योग्य तेच केले. गाडीचा वारसा तिच्या धावण्यात असतो. सुटीच्या दिवसांत कारकून, शिक्षक, कारागीर येऊन फावडे हाती घेत. रेव्हरंड ऑड्री हे बालकथाकार धर्मोपदेशकही १९५२ मध्ये गार्ड म्हणून आले. एकदा फराळ विकणाऱ्या बाईंना स्थानकावरच विसरून त्यांनी गाडी सोडली, आणि पुढे तो प्रसंग आपल्या गोष्टीत घातला. धर्मोपदेशकाची ही जाहीर कबुली मला फार आवडते.

१९७६ मध्ये मार्ग नांट ग्वेर्नोलपर्यंत, खाणीच्या दिशेने, वाढविला गेला. २०२१ मध्ये वायव्य वेल्समधील पाटी-दगडाच्या प्रदेशाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात ही रेल्वेही आली. कॉरिसहून आणलेल्या इंजिनांपैकी घसरणाऱ्याचे नाव ठेवले ‘सर हेडन’. दुसऱ्याला रेल्वेच्या जुन्या व्यवस्थापकाचे, एडवर्ड थॉमस यांचे, नाव मिळाले.