परसातली कोंबडी आणि कायद्याचा उंबरठा



या व्यासपीठावरून आपण राज्यांचे उदयास्त ऐकलेत, संतांचे विचार ऐकलेत. आज कोंबडीचा इतिहास ऐकावयाचा आहे, हे कळल्यावर काहींना हसू आले असेल. त्याला आमची हरकत नाही. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. पुढचे जे काही झाले ते कामगार वस्तीतल्या वाचनालयात आणि संघटनेच्या कचेरीत. तेथे एक गोष्ट मात्र आम्ही शिकलो. इतिहास जसा किल्ल्यावर घडतो तसा खुराड्यातही घडतो आणि खुराड्यातल्या इतिहासाची झळ अधिक माणसांना लागते.

प्रथम घरच्या कोंबडीचे पाहू. आपल्या खेड्यांत काय किंवा शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेत काय, कोंबडी ही बाईच्या ताब्यातली मिळकत होती. जमीन नवऱ्याच्या नावावर, बैल नवऱ्याचे, पिकाचा पैसा नवऱ्याच्या हाती. पण अंड्यांचे चार पैसे बाईच्या कनवटीला. कोंबडी खुडूक झाली की तिच्याखाली अंडी ठेवायची. एकवीस दिवसांनी पिले निघाली की घारीपासून आणि मुंगसापासून जपायची, रात्री डालग्याखाली झाकायची. तलंग झाली तर अंड्यांसाठी राखायची आणि जादा कोंबडे सणाला, पाहुण्याला किंवा बाजाराला.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत तर गुलामांनाही कोंबड्या पाळण्यास फारशी आडकाठी नव्हती. घोडे, गुरे, डुकरे बाळगण्यास कायद्याने बंदी झाली, पण कोंबडीकडे मालकांनी दुर्लक्ष केले. राष्ट्राध्यक्ष जेफर्सन यांच्या मॉन्टिसेलो येथील घरच्या हिशेबवहीत, त्यांच्याच गुलामांकडून कोंबड्या आणि अंडी विकत घेतल्याच्या नोंदी आहेत. ज्या माणसाचा स्वतःच्या देहावर हक्क नव्हता, तो मालकाला कोंबडी विकून रोख पैसे घेत होता! क्षुद्र वस्तूकडे सत्तेचे लक्ष नसते आणि तेवढ्या फटीतून गरिबाला थोडा श्वास मिळतो, हा या इतिहासातला पहिला धडा आहे. पण हे दुर्लक्ष नेहमीच गरिबाच्या उपयोगी पडते असे नाही. तो भाग पुढे येईल.

आता घरी कोंबडी कापण्याची रीत पाहू. ज्यांना हा विषय वर्ज्य आहे त्यांनी थोडी क्षमा करावी. आदल्या रात्रीपासून कोंबडीला दाणा द्यायचा नाही, पाणी मात्र द्यायचे, म्हणजे आतडी रिकामी राहतात. मान कापल्यावर उलटी धरून रक्त पूर्ण निथळू द्यायचे. मग कढत, पण उकळत नव्हे, अशा पाण्यात थोडा वेळ बुडवायची. पाणी फार गरम झाले तर कातडी फाटते, कोमट राहिले तर पिसे निघत नाहीत. पिसे उपटून बारीक लव जाळावर भाजायची. पोट उघडताना आतड्याला आणि पित्ताच्या पिशवीला सुरीचे टोक लागू द्यायचे नाही, कारण पित्त फुटले की मांस कडू होते. कलेजी-पेटा निराळा काढायचा आणि मांस लगेच गार पाण्याने धुवायचे. या साऱ्या कामात एक गोष्ट सांगितल्यावाचून होत असते. ती म्हणजे तपासणी. कलेजीवर डाग दिसला, वास वेगळा आला, तर घरची बाई ती कोंबडी फेकून देते. जिने पाळली तीच कापते आणि तिचीच मुले खातात. अशा ठिकाणी सरकारी तपासनीस लागत नाही.

ही घरगुती व्यवस्था मोडली कशी, त्याचा आरंभ एका चुकीच्या पार्सलात आहे. अमेरिकेतील डेलावेअर राज्यात ओशन व्ह्यू नावाचे गाव आहे. तेथील सेसिल स्टील या गृहिणीने १९२३ साली अंड्यांच्या कोंबड्यांसाठी ५० पिले मागविली. उबवणी केंद्राने चुकून ५०० पाठविली. बाईने ती परत केली नाहीत, एका लहानशा शेडमध्ये वाढविली. सुमारे अठरा आठवड्यांनी त्यांतली ३८७ पिले जगली होती. ती तिने मांसासाठी, पौंडाला ६२ सेंट भावाने विकली. पुढच्या वर्षी तिने आपण होऊन १,००० पिले मागविली आणि १९२६ साली १०,००० पक्षी मावतील एवढे घर बांधले. तोवर मांस हे अंड्यांच्या धंद्याचे उपउत्पन्न होते. केवळ मांसासाठी कोंबडी वाढविणे, म्हणजे आज आपण ज्याला ब्रॉयलर म्हणतो तो धंदा, या बाईच्या परसातून रुजला. शेजाऱ्यांनी तिचे अनुकरण केले आणि तो सारा परगणा कोंबड्यांचा झाला.

दुसरा अध्याय जॉर्जिया राज्यातल्या गेन्सव्हिल गावचा आहे. जेसी ज्यूएल हा तेथील खाद्याचा दुकानदार. १९३० नंतरच्या महामंदीत शेतकऱ्यांकडे खाद्य घेण्यास पैसा नव्हता. ज्यूएलने युक्ती काढली. पिले आणि खाद्य तोच उधारीवर देई आणि पक्षी वाढले की तोच परत घेऊन विकी. पुढे त्याने स्वतःचे उबवणी केंद्र काढले, मग कापण्याचा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धात गुरांच्या मांसावर रेशनिंग आले, कोंबडीवर आले नाही, धंदा फोफावला. अशा रीतीने अंड्यापासून बंद पाकिटापर्यंत सारे एका मालकाच्या हाती आले. शेतकऱ्याकडे काय राहिले? शेड, शेडचे कर्ज आणि श्रम. कोंबडी त्याच्या घरी होती, पण त्याची नव्हती.

तिसरा अध्याय पैदाशीचा. ए अँड पी या मोठ्या दुकानदारीच्या कंपनीच्या आश्रयाने ‘उद्याची कोंबडी’ अशी एक स्पर्धा भरली. तिची अखेरची फेरी १९४८ साली डेलावेअरमध्येच, जॉर्जटाउन येथे झाली. छाती रुंद, मांडी भरदार, वाढ झपाट्याची, खाणे कमी, अशी कोंबडी हवी होती. कॅलिफोर्नियाच्या चार्ल्स व्हँट्रेस यांच्या संकरित कोंबडीने पहिला क्रमांक मिळविला आणि १९५१ च्या स्पर्धेतही तेच जिंकले. आकडे बोलके आहेत. १९२५ साली अमेरिकेत सव्वा किलोहूनही थोडी हलकी कोंबडी तयार होण्यास सुमारे ११२ दिवस लागत. आज त्याच्या निम्म्याहून कमी दिवसांत अडीच किलोंच्या वरची कोंबडी तयार होते आणि किलोमागे खाद्य पूर्वीच्या निम्म्याहून कमी लागते. यामुळे गरिबाच्या ताटात मांस आले, ही गोष्ट आम्ही नाकारीत नाही. कामगाराच्या घरी रविवारी कोंबडी शिजते याचे आम्हांला सुखच आहे.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. अप्टन सिंक्लेअर यांच्या ‘द जंगल’ या कादंबरीने शिकागोच्या कत्तलखान्यांची घाण जगापुढे मांडली आणि १९०६ साली अमेरिकेत मांसतपासणीचा कायदा झाला. त्यात गाय आली, मेंढी आली, डुक्कर आले, शेळी आली. कोंबडी आली नाही. का? तर ती घरात पाळायची, घरात कापायची किरकोळ वस्तू होती. त्या वेळी ते बरोबरही होते. पण पुढे कोंबडी घरातून कारखान्यात गेली आणि कायदा मात्र घराच्या उंबऱ्यावरच थांबून राहिला. कारखान्यात एकजण पक्षी टांगतो, दुसरा मान कापतो, तिसरा पोट फाडतो. ज्या बाईच्या एका नजरेत सारी तपासणी होती ती नजर आता उरली नाही. हात वीस झाले, डोळा एकही राहिला नाही.

तो डोळा कायद्यात आणण्यासाठी कोण झगडले? मांसकामगारांची संघटना. १९५० नंतरच्या वर्षांत टर्की कापणाऱ्या कारखान्यांत सिटॅकोसिस नावाचा, पक्ष्यांपासून माणसाला जडणारा आजार पसरला. कामगार आजारी पडले, काही दगावले. संघटनेने गृहिणींना सांगितले की, ज्या रोगट पक्ष्याने आम्ही आजारी पडतो तोच तुमच्या स्वयंपाकघरात येतो. कामगार आणि गृहिणी यांचा आवाज एक झाला आणि १९५७ साली कोंबडीच्या मांसाच्या तपासणीचा कायदा झाला. १ जानेवारी १९५९ पासून तो सक्तीचा झाला. मधे एक्कावन्न वर्षे गेली होती. जो शेतकरी स्वतः पाळून घरच्यापुरते कापतो त्याला मात्र सूट राहिली. ती योग्यच होय.

पण तपासणी झाली ती मांसाची, कामगाराची नव्हे. ३ सप्टेंबर १९९१ रोजी नॉर्थ कॅरोलायना राज्यातील हॅम्लेट गावी कोंबडीचे पदार्थ बनविणाऱ्या कारखान्यास आग लागली. दारांना कुलुपे होती. २५ कामगार मेले. त्या कारखान्यात मांस पाहणारा सरकारी तपासनीस रोज येत असे आणि कामगारांची सुरक्षितता पाहणारा अधिकारी अकरा वर्षांत एकदाही आला नव्हता. श्रोतेहो, मेलेल्या कोंबडीकडे रोज पाहणारा डोळा होता. जिवंत माणसाकडे पाहणारा नव्हता.

हीच गत कामगार कायद्याची. अमेरिकेतील १९३५ च्या कायद्याने कामगारांना संघटनेचा हक्क दिला, पण शेतमजूर आणि घरगुती नोकर यांना वगळले. पुढे कंपन्या म्हणू लागल्या की, रात्री शेतकऱ्याच्या शेडमध्ये जाऊन कोंबड्या धरणारे, त्या पिंजऱ्यात भरून ट्रकवर चढविणारे आणि ट्रक हाकणारे हे शेतमजूर आहेत! हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९९६ साली, पाच विरुद्ध चार मतांनी, हे शेतमजूर नव्हेत असा निकाल लागला. एका मताने! ‘शेत’ आणि ‘घर’ हे शब्द किती गोड, पण कायद्याच्या पोथीत त्यांचा अर्थ पुष्कळदा ‘येथे हक्क नाही’ असा होतो.

आपल्याकडे हे कसे लागू पडते? १९७१ साली बी. व्ही. राव यांनी स्थापन केलेल्या आणि पुण्यात मुख्य ठाणे असलेल्या व्यंकटेश्वर समूहाने कॉब जातीचे ब्रॉयलर आपल्या देशात घरोघर पोहोचविले. चार्ल्स व्हँट्रेस यांचे नाव आजही कॉब-व्हँट्रेस या पैदास कंपनीच्या नावात आहे. ज्यूएलची रीतही आली. आज आपल्या जिल्ह्याजिल्ह्यांत करारावर कोंबडीपालन चालते. पिले कंपनीची, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेड, वीज, पाणी आणि घरातल्या माणसांचे श्रम शेतकऱ्याचे. किलोमागे ठरलेले पैसे मिळतात. मरतूक वाढली किंवा खाद्य जास्त लागले की त्यांतून कपात होते.

यावर कुणी म्हणेल, आपल्या खेड्यांत अर्धेलीची चाल होतीच की! होती. शेळी असो वा कोंबडी, पाळणाऱ्याला निम्मी पिले मिळत. म्हणजे नशीब असेल तर तोही एक दिवस मालक होई. करारात पाळणाऱ्याच्या वाट्याला एकही पिलू येत नाही.

आम्ही ज्या बिडी कामगार बायांमध्ये वर्षानुवर्षे काम केले त्यांना हे लगेच कळते. कारखानदार तेंदूपान देई, तंबाखू देई. बाई घरी बसून बिड्या वळी. छाट निघाली की मजुरी कापली जाई. मालक म्हणत, ती आमची कामगार कुठे, ती आपल्या घरी बसते! १९६६ च्या बिडी कायद्याने हे ढोंग मोडले. मालकाने दिलेल्या मालावर घरी बसून काम करणारी बाईही कामगार आहे, असे त्या कायद्याने मान्य केले. मग आमचा साधा प्रश्न असा की, पान आणि तंबाखू यांच्या जागी पिलू आणि खाद्य आले म्हणून न्याय बदलतो काय?

आणि जी खरीखुरी परसातली कोंबडी उरली आहे तिचे काय? फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्ल्यू आढळला. मोठ्या शेडमधील लाखो पक्षी मारले गेले. त्याबरोबर आसपासच्या घरांतल्या, आदिवासी बायांच्या चार-चार, सहा-सहा कोंबड्याही मारल्या गेल्या. साथ थोपविण्यास ते आवश्यक होते, हे आम्ही मानतो. परंतु शेडवाल्याजवळ हिशेब असतो, बँक असते, वजन असते. परसातल्या बाईजवळ त्या सहा कोंबड्याच असतात आणि त्या कुठल्या वहीत लिहिलेल्या नसतात.

आम्ही मागे जा असे सांगत नाही. शहरातल्या चाळीत खुराडे ठेवता येणार नाही आणि लाखो लोकांच्या ताटातले मांस घरोघर कापून पुरणारही नाही. ज्यांच्याजवळ अंगण आहे त्यांनी अवश्य दहा कोंबड्या पाळाव्यात. स्वतः वाढविलेली, स्वतः स्वच्छ कापलेली कोंबडी काय असते हे त्यांना कळेल. बाकीच्यांनी विकत घ्यावी. मात्र दुकानात भाव विचारताना आणखी एक विचारावे : ही वाढविणाऱ्याच्या हाती किलोमागे किती पडले? दुकानदाराला ते ठाऊक नसेल. तरी विचारावे. १९५७ चा कायदा गृहिणींनी असेच प्रश्न विचारल्यामुळे झाला आणि तेव्हा कामगारांची संघटना त्यांच्या शेजारी उभी होती. आपल्या गावात ती तशी उभी राहील एवढे वचन आम्ही देऊ शकतो.