कोलारचे सोने कोणाचे?

कोलारच्या सोन्याचा इतिहास एका गोऱ्या लष्करी अधिकाऱ्यापासून सुरू करण्याची प्रथा आहे. १८०२ साली म्हैसूर राज्याच्या सीमेची मोजणी करताना लेफ्टनंट जॉन वॉरनच्या कानावर सोन्याची वार्ता आली. त्याने बक्षीस लावले, तेव्हा गावकऱ्यांनी गाडीभर माती आणून त्याच्यासमोर धुतली आणि सोन्याचे कण काढून दाखवले. मग शोध कोणाचा? विद्या गावकऱ्यांची, नाव वॉरनचे! पुढे १८७५ साली मायकेल लव्हेलला परवाना मिळाला आणि १८८० च्या सुमारास लंडनच्या जॉन टेलर अँड सन्सने कारभार हाती घेतला. आधी नुसता तोटाच होता. भांडवल संपत आले असता कप्तान प्लमरने जुन्या देशी खड्ड्यांच्याच खाली खोदत नेले, आणि ‘चॅम्पियन रीफ’ ही सोन्याची मुख्य शीर हाती लागली. ते खड्डे खणणाऱ्यांचे नाव कोणत्याही फलकावर नाही.

या सोन्याची जात कळली म्हणजे (भूगर्भालाही जात असते, पण ती कोणाला बाटवत नाही) खाणीतल्या माणसाचे हाल कळतात. कोलारचा पट्टा उत्तर-दक्षिण सुमारे ८० किलोमीटर लांब आणि जेमतेम ३ ते ६ किलोमीटर रुंद. सुमारे २७० कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा दाबाने व उष्णतेने बदलून काळाकभिन्न, कठीण खडक झाला. त्याच्या भेगांतून तप्त पाणी वर चढले आणि गारेच्या शिरा व त्यांतले सोने मागे ठेवून गेले. या शिरा आडव्या पसरलेल्या नाहीत. पश्चिमेकडे कलत जवळजवळ उभ्याच खाली जातात, आणि त्यांची जाडीही फार नाही. म्हणून सोने हवे तर खाली, आणखी खाली जाण्यावाचून उपाय नव्हता. चॅम्पियन रीफची खाण अखेर सुमारे ३.२ किलोमीटर खोल गेली. तिथे खडकाचेच तापमान ६० अंशांच्या वर. शिवाय प्रचंड ओझ्याखाली दबलेला खडक, त्यात पोकळी झाली की स्फोटासारखा फुटतो. हा ‘रॉक बर्स्ट’ मजुरांच्या घराघरांत ठाऊक होता.

खाली उतरणारे बहुसंख्य मजूर तामिळ अस्पृश्य होते. उत्तर अर्काट आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेले. गावच्या वेठीपेक्षा खाणीतला अंधार त्यांना पत्करला, कारण तिथे निदान रोख मजुरी होती. पण वरचा साहेब युरोपीय आणि खालचा हात अस्पृश्याचा, ही उतरंड तिथेही होतीच. १९०२ साली शिवनसमुद्राहून वीज आली ती या खाणींसाठी. बंगळुरूच्या रस्त्यांवर दिवे लागायला आणखी तीन वर्षे होती. मजुरांच्या वस्तीत मात्र बांबूच्या तट्ट्यांची खोपटी. गारेची धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस होई. १९४० नंतरच्या दशकातील तपासणीत दहांपैकी चाराहून अधिक कामगारांना तो जडलेला आढळला.

तरी या माणसांना केवळ बळी समजणे चूक ठरेल. पंडित अयोथीदास यांनी १८९८ साली मद्रासेत शाक्य बौद्ध संघ स्थापला, त्याची शाखा कोलारच्या मारिकुप्पम येथे निघाली. अयोथीदास १९१४ साली गेले. त्यांचे लेखन पुढे पुस्तकरूपाने छापले गेले ते याच खाणगावातल्या सिद्धार्थ प्रकाशनाकडून. नागपूरच्या दीक्षेआधी किती दशके! महाराष्ट्रातल्या आपल्या चळवळीने या खाणकामगार बौद्धांची ओळख फारशी करून घेतली नाही. १९३० साली नोंदणीसाठी अंगठ्याचे ठसे घेण्याचा हुकूम निघाला, तेव्हा याच मजुरांनी संप पुकारला. ठसे घेतात ते गुन्हेगारांचे. सोने काढून देणाऱ्याचे कशाला?

१९५६ साली खाणी म्हैसूर सरकारच्या झाल्या, १९६२ साली केंद्राच्या. मालक बदलला, शीर मात्र आटत गेली. टनामागे पूर्वी दहा-दहा ग्रॅमच्या पटीत मिळणारे सोने अखेर चार-दोन ग्रॅमवर आले. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. सव्वाशे वर्षांत निघालेले सोने ८०० टनांच्या आसपास भरते. मागे राहिले सायनाइडने धुतलेल्या भुकटीचे डोंगर, तीन कोटी टनांहून अधिक. वारा सुटला की ती भुकटी वस्तीत उडते. खाणकामगारांची मुले-नातवंडे मारिकुप्पमहून रेल्वेने रोज बंगळुरूला कामाला जाऊ लागली.