आवार कोणाचं? पंचवीस वर्षांचा हिशेब

स्मरणिका समितीने मला आवारावर लिहायला सांगितलं, म्हणजे थोडक्यात भांडणांवरच! आपली इतिवृत्तं चाळली तर गणेशोत्सवाखालोखाल पार्किंग आणि मागची मोकळी जागा हेच विषय सापडतात.

मुंबईत गावदेवीला 1915 साली रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तिथे आधी माणसं एकत्र आली, मग घरं झाली. आपल्याकडे क्रम उलटा. आधी बिल्डर, मग फ्लॅट, शेवटी सोसायटी. जमीन मात्र जुन्याच नावावर राहिली. 1963 च्या मोफा कायद्याप्रमाणे बिल्डरने ती सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. करारात मुदत ठरलेली नसेल, तर संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत. आपले चार महिने किती वर्षं चालले, ते जुन्या सभासदांना ठाऊक आहे.

पहिला वाद स्टिल्टमधल्या पार्किंगचा. काहींनी बिल्डरला वेगळे पैसे मोजले होते. 31 ऑगस्ट 2010 रोजी दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की स्टिल्टमधली पार्किंगची जागा म्हणजे गॅरेज नव्हे आणि बिल्डरला ती वेगळी विकता येत नाही. आपल्या सभेत हा निकाल वाचला गेला तेव्हा पावतीवाले उसळले, "मग आमचे पैसे?" त्यांचंही चुकत नव्हतं. खिशातून गेलेला पैसा खराच होता. शेवटी उपविधींप्रमाणे दरवर्षी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. दोन शेजाऱ्यांमधलं बोलणं मात्र बरेच दिवस बंद होतं.

दुसरा वाद मागच्या जागेचा. तळमजल्यावरच्या आजींनी कढीपत्ता, शेवगा लावून कुंपण घातलं होतं. मुलांना क्रिकेटला जागा हवी होती. "तुमच्या बापाची जागा आहे का?" इथपर्यंत मजल गेली. तेव्हा एका सभासदाने मिळकत पत्रिकेचा उतारा काढून आणला. त्यावर ना आजींचं नाव, ना मुलांच्या बापांचं, ना सोसायटीचं! ज्या जागेसाठी आपण भांडत होतो, ती कागदावर तिसऱ्याचीच होती. त्या दिवशी सभा लवकर संपली.

मग मानीव अभिहस्तांतरणाची धावपळ सुरू झाली. 2008 च्या दुरुस्तीने ही सोय झाली. बिल्डर सही करत नसेल, तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. प्रत्येकाचा करारनामा आणि इंडेक्स टू गोळा करताना आमच्या चपला झिजल्या. सगळ्यात आधी कागद आणून दिले ते त्याच आजींनी. आदेश, मग दस्त नोंदणी, मग नगर भूमापन कार्यालय असं करत आज मिळकत पत्रिकेवर सोसायटीचं नाव आहे.

आता पुनर्विकासाची बोलणी सुरू होतील. जमीन नावावर असल्याने आपण बरोबरीने बोलू शकू. नव्या समितीला एकच विनंती. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा आणि आवाराचा कुठलाही निर्णय सर्वसाधारण सभेतच घ्या. वाद होतीलच, पण ते आता आपल्या जागेवरचे असतील.