बोरिवलीची दोन आश्चर्ये

२०१३ साली ‘एबीपी माझा’ या वृत्तवाहिनीने प्रेक्षकांचा कौल घेऊन महाराष्ट्राची सात आश्चर्ये जाहीर केली. अजिंठा, रायगड, दौलताबाद, लोणार, कास आणि छत्रपती शिवाजी टर्मिनस ही सहा नावे कुणीही सांगितली असती. सातवे होते बोरिवलीच्या खाडीपलीकडील गोराईच्या विश्व विपश्यना पॅगोड्याचे. त्याचे उद्घाटन २००९ मधले, म्हणजे जेमतेम चार वर्षांपूर्वीचे. त्याच बोरिवलीच्या पूर्वेस, डोंगरात दोन हजार वर्षे असलेली कान्हेरी मात्र त्या यादीत नव्हती.

पॅगोड्याचा मान अनाठायी होता, असे मला म्हणायचे नाही. विजापूरच्या गोलघुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर. गोराईच्या घुमटाचा आतला व्यासच सुमारे ८५ मीटर आहे. आत एकही खांब नाही आणि सुमारे ८,००० साधक एका वेळी बसू शकतात. खाचा पाडून एकमेकांत गुंतवलेल्या दगडांवर हा सारा भार तोललेला आहे. बाह्याकार रंगूनच्या श्वेडगॉनचा, आणि त्यामागे इतिहास आहे. मंडाले येथे १९२४ साली जन्मलेले सत्यनारायण गोएंका रंगूनला सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले आणि १९६९ साली ती घेऊन भारतात आले. ब्रह्मदेशाचे ऋण म्हणून हा आकार निवडला गेला. भारतातून गेलेला स्तूप असा वळसा घेऊन परतला!

कान्हेरीत नजरेत एकदम भरावे असे त्या मानाने थोडेच. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह, त्याच्या ओसरीतील दोन प्रचंड बुद्धमूर्ती, एकेचाळिसाव्या लेण्यातील अकरा मस्तकांचा अवलोकितेश्वर, एवढे पाहून बहुतेक लोक परततात. खरे नवल पायाखाली आहे. शंभराहून अधिक लेणी, आणि बहुतेकांच्या दाराशी पाण्याचे टाके. शिलालेखांत त्याला ‘पोढी’ म्हटले आहे. पावसाचे पाणी कातळातल्या पन्हळींवाटे या टाक्यांत उतरते. मुंबईसाठी विहार तलाव १८६० मध्ये आणि तुळशी १८७९ मध्ये बांधून झाला. दोन्ही याच डोंगरांत. हे डोंगर पाणी देतात, हे भिक्षूंनी त्याच्या कितीतरी शतके आधी ओळखले होते.

शिवाय हे काम कुणा एका राजाचे नव्हे. सोपारा, कल्याण येथील व्यापारी, गृहस्थ, भिक्षुणी यांची दाने लेखांत नोंदलेली आहेत: कुणी लेणे दिले, कुणी पोढी, कुणी वाट, कुणी शेत, ज्याच्या उत्पन्नातून भिक्षूंना चीवर मिळावे. गोराईचा पॅगोडाही देणग्यांतूनच उभा राहिला. या बाबतीत दोघांचे गोत्र एकच.

मग कान्हेरी मागे का पडली? मला वाटते, असल्या याद्या एका दृष्टिक्षेपात मावणाऱ्या वस्तूंच्या असतात. घुमट छायाचित्रात मावतो; हजार वर्षे थोडे थोडे खोदले गेलेले गाव मावत नाही. २००७ मध्ये ताजमहालासाठी मोबाइलवरून संदेशांचा पाऊस पडला, तेव्हा युनेस्कोला त्या निवडीशी आपला संबंध नाही असे सांगावे लागले होते. (त्या पावसात अस्मादिकांचेही चार थेंब होते.)

कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यात १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. तोवर तेथील बौद्ध वस्ती ओसरत आली होती. तरीही ती माणसे डोंगर चढून लेणी पाहायला आली होती.