नापाम हल्ल्यातील मुलीचे छायाचित्र

व्हिएतनाम युद्धातील हे छायाचित्र ८ जून १९७२ रोजी ट्रांग बांग गावाजवळ टिपले गेले. नापाम बॉम्बने भाजलेली नऊ वर्षांची विवस्त्र मुलगी त्यात रस्त्यावरून धावत येते.

असोसिएटेड प्रेसच्या सायगाव कार्यालयात ते नग्नतेच्या नियमावर अडले. छायाचित्र-संपादक होर्स्ट फास यांनी आग्रह धरून ते पाठवले, आणि तो निर्णय योग्यच होता: पेटलेले कपडे तिने स्वतःच ओरबाडून टाकले होते. ती नग्नता झाकली असती, तर नापाम माणसाचे काय करतो हेच झाकले गेले असते. १९७३ मध्ये छायाचित्राला पुलित्झर पुरस्कार मिळाला.

२०१६ मध्ये फेसबुकने तेच छायाचित्र काढून टाकले. नॉर्वेच्या ‘आफ्टेनपोस्टेन’ दैनिकाने पहिल्या पानावर निषेध नोंदवला. पंतप्रधान एर्ना सोल्बर्ग यांची ते छायाचित्र असलेली नोंदही हटवली गेली. टीका वाढल्यावर ९ सप्टेंबरला फेसबुकने माघार घेतली.