पाषाणची रायफल

शस्त्रांचा इतिहास म्हटला की पुणेकरांस शनिवारवाडा आठवतो. पाषाण आठवत नाही. वस्तुतः इन्सास ही रायफल आकारास आली ती तेथील शस्त्रसंशोधन संस्थेत. ही संस्था 1958 सालची.

1962 च्या युद्धात आपल्या बहुतेक जवानांच्या हाती .303 होती. तिचा बोल्ट दर गोळीला हाताने ओढावा लागे. पुढे इशापूरची एसएलआर आली आणि ते काम दारूचा वायू करू लागला. तथापि स्फोटाच्या क्षणी नळीचे मागचे दार घट्ट बंद हवेच. एसएलआरमध्ये बोल्टवाहक बोल्टची शेपटी खाली दाबून पेटीतील पायरीला अडकवी. धक्का पेटीवर येई. म्हणून ती पोलादी व जड.

इन्साससाठी पाषाणच्या अभियंत्यांनी कलाश्निकोव्हची रीत पत्करली. येथे वाहक बोल्टला किंचित फिरवतो व त्याचे कान नळीच्या मुळाशी खाचांत बसतात. कडी फिरवून दार लावावे तसे. धक्का तेथेच अडतो, म्हणून पेटी पत्र्याची चालते. वायू कमीजास्त करण्याची युक्ती मात्र त्यांनी जुन्या एसएलआरच्याच धर्तीवर ठेवली.

ही निवड आम्हांस विचारपूर्वक केलेली वाटते. परंतु 1999 साली कारगिलच्या थंडीत तडे गेले ते गोळ्यांच्या प्लॅस्टिकच्या मॅगझिनला! बोल्ट उत्तम निवडला, तरी रणात परीक्षा साऱ्या बंदुकीची होते, आणि तिचे मोल जवानास द्यावे लागते.